काळ तसा होता!

शाळेत मी पत्रलेखन शिकवतो. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढायची. डावीकडे लिहायचे ‘कौटुंबिक पत्र’, उजवीकडे ‘व्यावसायिक पत्र’. डावीकडे ‘तीर्थरूप बाबांस’, उजवीकडे ‘महाशय’. डावीकडे ‘लोभ असावा’, उजवीकडे ‘आपला विश्वासू’. गेली वीस-बावीस वर्षे ही रेघ मी इमानेइतबारे ओढीत आलो आहे. मुलांना तिच्यावर गुण मिळतात, मला पगार मिळतो, आणि कोणाचे काही बिघडत नाही. यंदा मात्र ती ओढताना माझा हात अडखळला. ही रेघ खोटी आहे आणि तिच्या आडोशाला आपण पिढ्यान् पिढ्या लपत आलो आहोत, असे माझे ठाम मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी संपादकांनी दिलेली ही पाने मी वापरणार आहे.

एका जुन्या सावकारी घराण्यावर मला कादंबरी लिहायची होती. त्यासाठी आमच्या भागातल्या एका वाड्यात मी गेलो. घरधनी मोठे अगत्यशील. चहा झाला, चिवडा झाला. मग त्यांनी माजघरातून एक रेशमी बासन आणून माझ्यापुढे सोडले. म्हणाले, “अहो मास्तर, ही आमच्या पणजोबांची पत्रे. पणजीला लिहिलेली आहेत, मुलांना लिहिलेली आहेत. वाचा. डोळ्यांत पाणी आले नाही तर माझे नाव बदला.” मी वाचली, आणि पाणी खरोखरच आले. काय तो जिव्हाळा, काय ती काळजी! मग माझी नजर कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेकडे गेली. “आणि त्यात काय आहे?” मी विचारले. गृहस्थांचा चेहरा किंचित आखडला. “त्यात काही नाही हो. रोखे, गहाणखते, कुळांची पत्रे. दुकानदारी ती! तुम्हाला काय उपयोग?” मी म्हटले, “मला तीच हवी आहेत.” त्यावर ते हसले आणि आपल्या समाजात जे वाक्य प्रत्येक बंद ट्रंकेला कुलूप म्हणून लावलेले असते, ते त्यांनी उच्चारले : “जाऊ द्या मास्तर. काळ तसा होता.”

ट्रंक उघडली गेली नाही. कादंबरीही लिहून झाली नाही. पण ते वाक्य काही माझी पाठ सोडीना. काळ तसा होता! म्हणजे कसा होता? आणि तो तसा कोणी केला होता? सावकाराने, की कुळाने, की आभाळातून पडला होता?

ह्या वाक्याला उत्तर मला आमच्या तालुक्यात सापडले नाही. ते सापडले सात समुद्रांपलीकडे, एका अमेरिकन व्यापारी घराण्याच्या पत्रव्यवहारात. हे घराणे म्हणजे ऱ्होड आयलंड प्रांतातल्या प्रॉव्हिडन्स गावचे ब्राऊन. अमेरिका अजून इंग्रजांची वसाहत होती तेव्हाची ही गोष्ट. चार भाऊ : निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस. बाप १७३९ साली वारला, तेव्हा धाकटा मोझेस पाळण्यात होता. चुलत्याने, ओबडाया ब्राऊनने, मुलांना धंद्यात वाढवले. आणि तो १७६२ साली गेल्यावर चौघा भावांनी मिळून ‘निकोलस ब्राऊन आणि कंपनी’ ह्या नावाने पेढी चालवली. देवमाशाच्या चरबीच्या मेणबत्त्या, रम नावाची दारू, पुढे लोखंडाची भट्टी, आणि ह्या साऱ्यांची ने-आण करणारी जहाजे. एकत्र कुटुंब, एकत्र धंदा, भावाभावांत विश्वास. आपल्याकडच्या एखाद्या पेढीचे वर्णन करावे तसेच हे सारे.

ह्या लोकांनी एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा निराळी केली. त्यांनी कागद टाकले नाहीत. ह्यात कोणी फार इतिहासप्रेमाची कल्पना करू नये. ती व्यापाऱ्याची सावधगिरी होती. समुद्रापार पाठवलेले पत्र जहाजासकट बुडू शकते, दलाल उद्या नाही म्हणू शकतो, कप्तान हिशेबात घोळ घालू शकतो. तेव्हा पाठवलेल्या पत्राची नक्कल ठेवा, आलेले पत्र जपा, प्रत्येक पिंपाची नोंद करा. पैशाला स्मरणशक्ती फार लागते. ती स्मरणशक्ती पुढे दोनशे-अडीचशे वर्षे टिकली आणि आज ती तिथल्या ग्रंथालयांत अभ्यासकांना खुली आहे. घरातली पत्रे आणि दुकानातली पत्रे, दोन्ही.

आता त्यांतले एक पत्र पाहू. सप्टेंबर १७६४. पेढीने ‘सॅली’ नावाचे शंभर टनी जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे रवाना केले. कप्तान होता एसेक हॉपकिन्स. हाच पुढे १७७५ साली अमेरिकेच्या बंडखोर आरमाराचा पहिला सरसेनापती झाला. भावांनी त्याला सूचनांचे पत्र दिले. बरोबरच्या मालाच्या यादीत १७,२७४ गॅलन रम आहे, पिठाची पिंपे आहेत, मेणबत्त्यांच्या पेट्या आहेत, कांद्याच्या १,८०० जुड्या आहेत, आणि त्याच यादीत, त्याच हस्ताक्षरात, ४० हातकड्या आणि ४० बेड्या आहेत. रम देऊन माणसे घ्यायची, ती वेस्ट इंडीजमध्ये विकायची, असा हा धंदा. हातकडी आणि कांदा ह्यांत लिहिणाऱ्याच्या लेखणीला फरक जाणवला नाही. दोन्ही जिन्नसच.

परंतु मला ज्या ठिकाणी थांबावे लागले ते ठिकाण निराळे. त्या सूचनांत भावांनी कप्तानाला आणखी एक काम सांगितले आहे : परत येताना चार चांगले तरुण गुलाम, पंधराएक वर्षांची पोरे, घरच्या वापरासाठी प्रॉव्हिडन्सला घेऊन यावीत.

घरच्या वापरासाठी! वाचकहो, माझी फळ्यावरची रेघ इथे पुसली गेली. हे पत्र कौटुंबिक म्हणावे की व्यावसायिक? मुंबईला माल आणायला निघालेल्या माणसाला घरून सांगावे, ‘येताना पोरांसाठी चार खेळणी आणा,’ तसे हे सांगणे आहे. पंधरा वर्षांची पोरे म्हणजे मी ज्या दहावीच्या वर्गाला शिकवतो, त्या बाकांवर बसणारी. ती कोणाच्या तरी घरातून उचलायची आणि ब्राऊनांच्या घरात कामाला लावायची. डाव्या बाजूचा जिव्हाळा उजव्या बाजूच्या बेड्यांवर उभा होता, आणि हे त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय ह्या एका ओळीने ठेवलेली नाही.

पुढे काय झाले? हॉपकिन्सने हिशेबाची वही ठेवली होती. ती शिल्लक आहे. महिनोन् महिने किनाऱ्यावर हिंडून त्याने १९६ माणसे विकत घेतली. किनारा सोडण्याआधीच मरणे सुरू झाली होती. एका बाईने जहाजाच्या दोन मजल्यांमधल्या जागेत गळफास लावून घेतला. तिच्या नावावर एक ओळ आहे, आणि त्या ओळीत नाव नाही. आफ्रिका सोडून थोडेच दिवस झाले होते, तेव्हा २८ ऑगस्ट १७६५ रोजी कैद्यांनी उठाव केला. खलाशांनी गोळ्या झाडल्या. आठ जण जागीच ठार झाले, कित्येक जखमी झाले. हॉपकिन्सने पुढे अँटिग्वा बेटावरून मालकांना पत्र लिहिले. उठावानंतर ह्या लोकांची उमेदच खचली, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी अन्न सोडले, बाकीचे आजारी पडून मेले, असे त्याने कळवले. एकंदर किमान १०९ माणसे मेली. जी उरली ती इतकी खंगलेली होती की बाजारात त्यांना भाव आला नाही.

हॉपकिन्सची वही मी जमाखर्चाच्या वहीसारखीच पाहिली, कारण ती तशीच आहे. मेलेल्यांना क्रमांक आहेत. एक पुरुष, एक मुलगा, एक बाई, एक मुलगी. आजचा, उद्याचा, परवाचा. दुःखाचा शब्द नाही, रागाचाही नाही. आणि सफरीच्या वाईट बातम्या कानांवर येऊ लागल्या तेव्हा मालकांनी कप्तानाला काय लिहिले? तुमची प्रकृती चांगली आहे हे कळून आम्हांला इतके समाधान झाले, की त्यापुढे आमचे नुकसान आम्ही सोसून घेऊ, ह्या अर्थाचे पत्र! किती प्रेमळ, किती दिलदार मालक! नोकराच्या प्रकृतीची विचारपूस करणारा, नुकसान हसत सोसणारा शेठ आपल्याला कादंबरीत सापडला, तर त्याच्यावर आपण दोन प्रकरणे खर्च करू. माझ्या त्या वाड्यातल्या रेशमी बासनात असलीच पत्रे होती.

म्हणून मी म्हणतो की नुसती कौटुंबिक पत्रे छापणे हा इतिहासाचा अर्धवटपणा नव्हे, तो इतिहासावर घातलेला दरोडा आहे. प्रेमळ माणूस क्रूर असू शकत नाही, ही आपली बालसमजूत त्या बासनांवर पोसली जाते. क्रूर माणसे घरी प्रेमळच असतात. त्यांचे सारे प्रेम घरातच संपते, हीच तर तक्रार आहे.

आता येतो तो हुकमाचा एक्का. “मास्तर, १७६४ साल होते ते. तेव्हा साऱ्या जगात गुलामगिरी होती. राजे करीत होते, पाद्री करीत होते. आजच्या फूटपट्टीने कालच्या माणसाची उंची मोजू नये. काळ तसा होता.”

ठीक आहे. मग आजची फूटपट्टी बाजूला ठेवू आणि त्याच काळाची, त्याच गावची, त्याच घरातली फूटपट्टी घेऊ. तिचे नाव मोझेस ब्राऊन.

मोझेस हा चौघांतला सर्वांत धाकटा. १७६४च्या सफरीत तोही भागीदार होता; त्याचे हात काही निराळे नव्हते. ‘सॅली’च्या सफरीनंतर निकोलस, जोसेफ आणि मोझेस हे तिघे त्या धंद्यातून बाजूला झाले, पण त्या वेळी कारण विवेकाचे नव्हते, तोट्याचे होते. जॉन मात्र पुन्हा त्या वाटेला गेला. पुढे १७७३ साली मोझेसची बायको ॲना वारली. तिच्या आजारात आणि मृत्यूनंतर हा माणूस स्वतःला प्रश्न विचारू लागला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने आपल्या गुलामांना मुक्ततेचे कागद करून दिले. पुढल्या वर्षी तो क्वेकर पंथात गेला. मग त्याने उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग ह्याच कामात घातला. ऱ्होड आयलंडमध्ये १७७४ साली गुलाम आणण्यास बंदी करणारा कायदा झाला, १७८४ साली पुढे जन्मणाऱ्या मुलांना स्वातंत्र्य देणारा कायदा झाला, १७८७ साली गुलामांच्या व्यापारावरच बंदी आली. ह्या तिन्हींच्या मागे जी माणसे झटली त्यांत मोझेस होता.

१७८३ साली प्रॉव्हिडन्सच्याच एका व्यापारी पेढीने आफ्रिकेला जहाज पाठवायचे ठरवले, तेव्हा मोझेसने त्यांना पत्र लिहिले. आयुष्यात आपल्या हातून जे जे काही झाले, त्यांत ‘सॅली’च्या सफरीइतका खोल डाग मनावर दुसऱ्या कशानेही पडलेला नाही, तेव्हा तुम्ही तरी त्यातून वाचा, असा त्याचा आशय. हे पत्र व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला लिहिलेले आहे, पण त्यात मालाचा भाव नाही. अठरा वर्षे एक माणूस आपल्या पेढीच्या वहीतली एक बाजू विसरू शकला नाही, एवढेच त्यात आहे. कौटुंबिक की व्यावसायिक? सांगा, ह्याला मी फळ्याच्या कोणत्या बाजूला लिहू?

आणि थोरला भाऊ जॉन? तोही काही कादंबरीतला खलपुरुष नव्हता. १७७२ साली इंग्रजांचे ‘गॅस्पी’ हे गलबत जाळणाऱ्यांचा तो म्होरक्या. स्वातंत्र्याचा केवढा अभिमानी! १७७५ साली इंग्रजांनी त्याला पकडून बॉस्टनला नेले, तेव्हा त्याला सोडवायला धावला कोण? शस्त्र न धरण्याचे व्रत घेतलेला हाच मोझेस. तो बॉस्टनला गेला, रदबदली केली, भावाला सोडवून घरी आणले. एवढे भावाभावांचे प्रेम. परंतु गुलामांच्या प्रश्नावर ह्या दोघांनी एकमेकांना जी पत्रे लिहिली, त्यांत कोणी मीठमोहऱ्या उतरलेल्या नाहीत. जॉनचे म्हणणे, हा व्यापार देवाने युगानुयुगे चालू दिला आहे, आपल्या राष्ट्रानेही चालू दिला आहे. तो पाप आहे असे मला पटेल तेव्हा मी सोडीन. म्हणजे काय? म्हणजे ‘काळ तसा आहे’! आमच्या वाड्यातल्या गृहस्थांचे वाक्य जॉन ब्राऊनने त्याच काळात उभे राहून, वर्तमानकाळात म्हटले होते. आणि त्याच काळात, त्याच्या सख्ख्या भावाने ते खोडून काढले होते.

१७८९ साली मोझेस आणि त्याच्या सोबत्यांनी गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठी प्रॉव्हिडन्समध्ये संस्था काढली, तेव्हा जॉन वर्तमानपत्रात ‘एक नागरिक’ ह्या टोपणनावाने तिच्यावर तुटून पडला. मोझेसने उत्तरे दिली. साऱ्या गावाने भावाभावांची ही लढाई वाचली. १७९४ साली अमेरिकेच्या काँग्रेसने आपल्या जहाजांना परदेशी गुलाम वाहून नेण्यास मनाई केली. त्या कायद्याखाली पहिला खटला झाला तो ह्याच जॉन ब्राऊनवर, १७९७ साली. त्याचे ‘होप’ नावाचे जहाज जप्त झाले. होप म्हणजे आशा! जहाजांना नावे ठेवताना ह्या मंडळींची रसिकता वाखाणण्याजोगी असे. पुढे हाच जॉन काँग्रेसचा सभासद झाला आणि १८०० साली तोच कायदा कडक करण्याच्या विधेयकाला त्याने विरोध केला.

तेव्हा ‘काळ तसा होता’ म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. कोणाचा काळ? जॉनचा की मोझेसचा? एकाच आईच्या पोटी, दोन वर्षांच्या अंतराने जन्मलेले हे दोन भाऊ. एकच चुलता, एकच पेढी, एकच जहाज, एकच तोटा. एकाला दिसले, एकाला दिसले नाही. किंवा दिसूनही त्याने डोळे फिरवले. काळाने त्यांना सारखेच वाढवले होते. निवड त्यांनी केली. आणि तिसरेही कोणी होते. ‘सॅली’वरची ती १९६ माणसे. त्यांचाही काळ तोच होता. गुलामगिरी योग्य आहे असे त्या काळात सर्वांना वाटत होते म्हणता? मग २८ ऑगस्ट १७६५ रोजी बेड्यांतली माणसे बंदुकांवर धावून गेली, ती काय हौसेने? ‘सर्वांना वाटत होते’ ह्या शब्दांत आपण त्यांना मोजतच नाही. ज्यांनी लेखणी धरली त्यांचाच तेवढा काळ, आणि ज्यांच्यावर रेघ ओढली त्यांना काळच नाही, असा हा हिशेब आहे.

कोणी म्हणेल, मास्तरांना आता मोझेसचा पुतळा उभारायचा आहे. मुळीच नाही. पत्रे सबंध वाचण्याचा नियम एकदा केला की तो मोझेसलाही लागू करावा लागतो. १७८९च्या अखेरीस सॅम्युएल स्लेटर नावाच्या एका इंग्रज कारागिराने मोझेसला पत्र लिहिले, की मला सूतगिरणीची यंत्रे जुळवता येतात. मोझेसने त्याला बोलावून घेतले. १७९० साली पॉटकेट गावी पाण्याच्या जोरावर चालणारी कताई सुरू झाली आणि अमेरिकेच्या कारखानदारीचा पाया घातला गेला. त्या गिरण्यांना कापूस कुठून येणार? गुलामांच्या मळ्यांतून. पुढे दक्षिणेतल्या गुलामांच्या अंगावर घालायचे जाडेभरडे कापडही ऱ्होड आयलंडच्याच गिरण्या विणू लागल्या. एका दाराने हाकललेली वस्तू दुसऱ्या दाराने घरात आली. मोझेस १८३६ सालापर्यंत, सत्त्याण्णव वर्षे जगला. कापसाच्या ह्या धाग्याचे दुसरे टोक त्याने पुरते सोडवले असे मला दिसत नाही. मात्र एवढे लक्षात घ्या, की हा दोष मला कोठून कळला? त्याच्या पत्रांतूनच. नुसती क्वेकर साधूची बोधपत्रे छापली असती, तर आपण आरती ओवाळून मोकळे झालो असतो.

दुसरा आक्षेप जास्त सभ्य आहे. “कोणाची खासगी पत्रे चव्हाट्यावर आणणे हे सुसंस्कृतपणाचे नव्हे.” मला हे अर्धे मान्य आहे. नवराबायकोच्या कुजबुजीत, बाळंतपणाच्या काळजीत, आजारपणाच्या तपशिलात मला रस नाही; ते खुशाल बासनात राहू द्या. गंमत अशी, की आपण नेमके तेच छापतो, कारण त्याने पूर्वज गोड दिसतात. खासगी म्हणून जे दडवतो, ते असते दुसऱ्याच्या शेताचे, दुसऱ्याच्या दागिन्यांचे, दुसऱ्याच्या देहाचे. ज्या कागदावर दुसऱ्या माणसाचे आयुष्य गहाण पडलेले आहे, तो कागद एकट्या धनकोच्या वारसाचा खासगी कसा? त्या दुसऱ्या माणसाच्या वारसाकडे तर कागदाचा तुकडाही नाही. ‘सॅली’वर मेलेल्या त्या बाईचे जगात एवढेच अस्तित्व उरले आहे : मालकाच्या वहीतली एक ओळ. ती वही ब्राऊनांनी जाळली असती, तर ती बाई दुसऱ्यांदा मेली असती.

आणि तिसरा आक्षेप, नेहमीचा : “थडगी उकरून काय मिळणार?” काय मिळते ते प्रॉव्हिडन्समध्येच पाहा. १७६४ सालीच, म्हणजे ‘सॅली’ निघाली त्याच वर्षी, त्या प्रांतात एक महाविद्यालय स्थापन झाले. ब्राऊन बंधूंनी त्याला हात दिला; १८०४ साली निकोलसच्या मुलाने पाच हजार डॉलर्स दिले आणि त्याचे नाव ब्राऊन विद्यापीठ झाले. आज त्याची गणना अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठांत होते. २००३ साली विद्यापीठाच्या अध्यक्षा होत्या रूथ सिमन्स, गुलामांच्या वंशात जन्मलेल्या. आपल्या संस्थेचा गुलामगिरीशी काय संबंध होता हे शोधण्यासाठी त्यांनी समिती नेमली. २००६ साली समितीने अहवाल दिला, ‘सॅली’चे कागद सर्वांना पाहता येतील असे खुले केले गेले, आणि २०१४ साली आवारात एक स्मारक उभे राहिले : जमिनीत अर्धा रुतलेला लोखंडी गोळा आणि वर आलेली तुटकी साखळी. विद्यापीठ कोसळले काय? देणग्या आटल्या काय? ब्राऊन हे नाव पुसले गेले काय? काहीही झाले नाही. फक्त त्या नावाकडे पाहताना आता माणसाला दोन्ही भाऊ दिसतात, आणि त्यांच्या मागे उभी असलेली १९६ माणसे दिसतात. मला वाटते, एवढे पुरे आहे.

आता घरची गोष्ट. अमेरिकेतल्या ह्या हकिकतीशी मराठी माणसाचा काय संबंध, असे ज्यांना वाटत असेल त्यांना मी एका पुस्तकाचे पहिले पान आठवून देतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना, ज्यांनी तिथल्या गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसलेल्या त्या माणसाने जगाच्या दुसऱ्या टोकाच्या मोझेसांना ओळखले होते. त्यांनी ती अर्पणपत्रिका कशासाठी लिहिली? आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणून. आपण ती अर्पणपत्रिका भाषणांत मोठ्या अभिमानाने सांगतो, आणि घरी येऊन ट्रंकेवर बसतो.

कारण ट्रंका आपल्याकडेही आहेत. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत, हे इतिहासाचे अभ्यासक जाणतात. माझ्या शाळेच्या पुस्तकांत मात्र तो शब्द मला कधी शिकवावा लागला नाही. राजवाड्यांनी १८९८ सालापासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली, गावोगाव पायपीट करून दप्तरे मिळवली, म्हणून आपल्याला काही तरी वाचायला उरले. पण त्यांच्या झोळीत जे पडले नाही ते कोठे गेले? मोडी वाचता येत नाही म्हणून रद्दीत गेले, वाळवीने खाल्ले, बंबात जळले. आणि जे मोडी वाचू शकत होते त्यांच्या घरी ते ‘काळ तसा होता’ ह्या कुलपात राहिले. आणि आम्ही ऐतिहासिक कादंबरीकार? आम्ही रेशमी बासनावर जगलो. आमच्या सावकाराला नातवंडे असतात, कुळे नसतात. आमच्या सरदाराला पत्नी असते. तिच्या पायांशी पाणी घेऊन उभी असणारी कोणी विकत आणली, हे आम्ही लिहीत नाही. हा आरोप मी दुसऱ्यावर करीत नाही. माझ्या तीन कादंबऱ्यांची पाने चाळली तर त्यांतही हेच सापडेल.

कोणी असे समजू नये, की वाड्यातल्या त्या गृहस्थांना मी त्यांच्या पणजोबांवर थुंकायला सांगतो आहे. मोझेस भावावर थुंकला नाही. त्याला तुरुंगातून सोडवायला तो गेला, आणि त्याच्याविरुद्ध वर्तमानपत्रात लिहायलाही तोच उभा राहिला. जिव्हाळा आणि हिशेब एका माणसाच्या हातात राहू शकतात, ह्याचा तो दाखला आहे. आपल्याला मात्र वाटते, की हिशेब मांडला की जिव्हाळा संपला. हा जिव्हाळा नव्हे, ही भीती आहे.

दिवाळीत आपण घर झाडतो. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, आणि रद्दीवाला दारात उभा असतो. ह्या अंकाच्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे : त्या ट्रंकेतले कागद त्याच्या तराजूत टाकू नका. वाचता येत नसतील तर वाचू नका. वाचवत नसतील तर तेही सांगू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालापासून असल्या कागदांची वाट पाहत बसले आहे. तिथे नेऊन द्या. तुमच्या पणजोबांची बाजू मांडायला रेशमी बासन आहेच. ट्रंकेत ज्यांची बाजू आहे, त्यांना दुसरे कोणीही नाही.

वाड्यातल्या त्या गृहस्थांना हा अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. चहा मिळाला तर घेईन. नाही मिळाला, तरी ट्रंकेबद्दल पुन्हा विचारीन.